दावे आणि वडाचे सूत

माणसांना शेळीचे बोलणे कळायचे, त्या काळची गोष्ट. द्वारकाबाईंनी आपली शेळी सकाळी वडाला बांधली. नेमकी त्या दिवशी वटपौर्णिमा होती. पूजेच्या गडबडीत बायका दाव्यावरूनच सूत गुंडाळून गेल्या.

दावे सुताला म्हणाले, "बांधणं, अडकवणं, जखडणं ही आमची कामं. तुझं आपलं नुसतं गुंडाळणं!"

"खरंय बाबा. माझ्यात जोर कुठला?" सूत म्हणाले.

संध्याकाळी द्वारकाबाई लगबगीने आल्या. घरी करडे भुकेने ओरडत होती. खोडावरची गाठ सोडायला त्यांनी हात घातला आणि तसाच मागे घेतला. "अगं बाई, सूत तुटेल की! कुणाकुणाचं व्रत आहे हे. आता तुला सोडू कशी?"

"मालकीणबाई, माझ्या गळ्याकडची गाठ सोडा ना," शेळी म्हणाली. "मी कुठे पळतेय? माझी पोरं घरी आहेत."

बाईंनी तसे केले. शेळी तडक घराच्या वाटेला लागली आणि बाई तिच्या मागून धावल्या.

दावे एकटेच झाडाला राहिले. जरा वेळाने म्हणाले, "ए, सोड ना मला."

"मी कुठे धरलंय?" सूत म्हणाले. "मला कुणी तोडत नाही, एवढंच."