झिप्र्याची साखळी

घाटाच्या पायथ्याशी, नदीच्या वळणावर एक गाव होतं. तिथे रावबा नावाचा कुंभार राहायचा. घरात तो एकटाच. एकदा गावाबाहेर धनगरांचा तळ पडला, तेव्हा त्यांच्याकडून त्याने कुत्र्याचं एक पिल्लू मागून आणलं. अंगभर केस, म्हणून नाव ठेवलं झिप्र्या.

देताना म्हातारा धनगर म्हणाला, "रावबा, ह्याचे आईबाप दिवसभर मेंढरांमागे धावतात. ह्याचे पाय बांधू नकोस."

रावबा हसला. पण पिल्लू चार महिन्यांचं झालं आणि अंगणात वाळत घातलेल्या मडक्यांमधून धावू लागलं. एका सकाळी वीस मडकी फुटली. रावबाने साखळी आणली आणि झिप्र्याला खांबाला बांधलं.

तो त्याला दोन वेळ दूध-भाकरी घालायचा, कधी मारायचा नाही. पण सोडायचाही नाही. झिप्र्या खांबाभोवती गोल गोल फिरून जमिनीत चर पाडायचा. रस्त्याने कुणी गेलं की उड्या मारून भुंकायचा. रावबाला त्याचं कौतुकच वाटे. "कुत्रं असावं तर असं," तो म्हणायचा.

असं वर्ष गेलं. एके दिवशी साखळीची कडी तुटली.

झिप्र्या बाणासारखा रस्त्यावर गेला. समोरून भागाक्का येत होती. भागाक्का गावची सुईण. गावातली निम्मी पोरं तिच्याच हातांवर जन्मली होती. वर्षभर ज्याला लांबून पाहिलं ते माणूस जवळ दिसताच झिप्र्याने आनंदाने तिच्या अंगावर झेप घेतली. म्हातारी दगडांवर पडली. तिचं मनगट मोडलं.

गाव जमा झालं. पाटील म्हणाले, "कुत्रं माजलंय. नदीपार जंगलात सोडून ये."

रावबा मान खाली घालून उभा होता. हो म्हटलं असतं तर सगळं संपलं असतं. तो वेदनेने कण्हणाऱ्या भागाक्काजवळ गेला. "आक्का, तू सांगशील ते करीन."

मोडलेला हात पोटाशी धरून भागाक्का कशीबशी उठून बसली. मग म्हणाली, "तो मला चावला नाही रे. माझं तोंड चाटत होता. माणसाला कसं भेटायचं हे त्याला कुणी शिकवलंच नाही. चूक कुणाची, ते तुझं तू ठरव."

रावबा पाटलांकडे वळला. "चूक माझी आहे. कुत्रं मी सोडून देणार नाही. सुधरवीन. आक्काचं घरही मी सांभाळीन."

दुसऱ्या दिवसापासून ऊन चढण्याआधीच तो झिप्र्याला नदीच्या कोरड्या वाळवंटात नेऊ लागला. गळ्यात काचणार नाही असा रुंद पट्टा आणि त्याला लांब दोर. झिप्र्या मनसोक्त पळायचा, दमायचा, डोहातलं पाणी प्यायचा. तो शांत झाला की मगच रावबा त्याला माणसांच्या वाटेवर आणायचा. आधी लांबून, मग जवळून, एका वेळी एकच माणूस. झिप्र्याने उडी मारली की तो माणूस पाठ फिरवायचा. चारी पाय जमिनीवर टेकले की भाकरीचा तुकडा मिळायचा.

पंधरा दिवसांत रावबाला घाई झाली. त्याने झिप्र्याला थेट आठवडी बाजारात नेलं. ढोलांचा आवाज, गुरं, पोरांचा गलका. झिप्र्या शेपूट पोटात घालून थरथरू लागला आणि जवळ आलेल्या एका मुलावर गुरगुरला. रावबाने लगेच दोर आवरला आणि माघारी फिरला. वाटेत त्याला कळलं की आपल्या घाईने आणखी एक माणूस जखमी झालं असतं.

त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पावसाळा गेला, हिवाळा आला. रोज पहाटे तो चाकावर बसण्याआधी नदीवर जायचा. मडकी कमी होऊ लागली, पण त्याने एक दिवसही चुकवला नाही.

भागाक्काचं मनगट जुळलं, पण वाकडं. त्या हाताने पुन्हा बाळंतपण करणं झालं नाही. सुनेला ती शेजारी बसून शिकवू लागली.

एका सकाळी ती स्वतःहून नदीवर आली. रावबाने दोर घट्ट धरला. झिप्र्याचं सगळं अंग आनंदाने थरथरलं. तो तिच्याकडे गेला, तिच्या पायाशी थांबला आणि खाली बसला. भागाक्काने वाकड्या हाताने त्याचं डोकं कुरवाळलं.

रावबाला रडू फुटलं. "आक्का, हे मी आधीच केलं असतं तर..."

"तर माझा हात शाबूत असता," ती शांतपणे म्हणाली. "ते आता विसरू नकोस. चल, ह्याला अजून पळायचंय."

आणि रावबा दोर सैल सोडत झिप्र्यामागे चालू लागला.

तात्पर्य एवढंच: ज्या जिवाला सांभाळायला घेतलं, त्याला धावायला रान आणि ओळखीला माणसं धीराने देणं हे सांभाळणाऱ्याचंच काम आहे. त्याने ते टाळलं, तर त्याची शिक्षा भलत्याच माणसाला भोगावी लागते.