खाडीचं दार राखणारी

फार फार जुनी गोष्ट, तुमच्या पणजोबांच्याही पणजोबांना जुनी वाटावी अशी. खाडीकाठी एक गाव होतं आणि सगळं गाव मीठ पिकवायचं. भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, बांधाचं लाकडी दार लावायचं, दाराला पाचर ठोकायची आणि पुढचं उन्हावर सोपवायचं. पण पाचर ठोकायची राहिली, की पिकलेलं मीठ पुन्हा खाडीत.

हे दार राखायचं काम धुरपदेकडे होतं. बाई कामाला वाघीण. पण माणूस म्हटलं की चूक आलीच. एका उधाणाला ती पाचर ठोकायला विसरली. तिने पाहिलं तेव्हा पाणी जेमतेम दोन वाफ्यांत शिरलं होतं. हाक मारली असती तर गाव धावलं असतं. पण लाजेने तिच्या तोंडून शब्द फुटेना. ती बांधावर बसून कपाळ बडवत राहिली, आणि तेवढ्यात बाराही वाफ्यांतलं मीठ विरघळलं.

गाव दोन दिवस कुरकुरलं आणि विसरून गेलं. राग धरायला कुणाला सवड होती? धुरपदा मात्र विसरली नाही. सकाळी उठली की आधी स्वतःला ‘करंटी’ म्हणायची, मग चूल पेटवायची. दिवसातून वीसदा पाचर चाचपायची. शेवटी ती गावच्या वडीलधाऱ्या गोमाआजीकडे गेली.

“आजी, दार दुसऱ्या कुणाला तरी दे. माझ्या हाताला यश नाही.”

“देऊ की,” आजी म्हणाली. “पण आधी आठ दिवस रोज संध्याकाळी माझ्या अंगणात येऊन बस. तू एकटीच नाहीस गो.”

खरंच, अंगणात आणखी सातजण होते. प्रत्येकाला काही ना काही आतून कुरतडत होतं. आजीने प्रत्येकाच्या तळहातावर मिठाचा एकेक खडा ठेवला. “जिभेवर ठेवा. विरघळेपर्यंत दुसरं काही करू नका.”

होडीवाला जोमा हसला. “आजी, आमचा उभा जन्म मिठात गेला!”

“गेला खरा. पण कधी नीट चाखलंस का?”

जोमाने खडा जिभेवर ठेवला. कुणीच चाखलं नव्हतं.

पुढचे दिवस सगळ्यांनी मिळून नुसता श्वास बघायचा होता. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. धुरपदेचं मन श्वासावरून उठून थेट पाचरीवर जायचं आणि ती स्वतःवरच चिडायची. आजी म्हणायची, “गेलं मन? जाऊ दे. बोटाला धरून परत आण. फटका कशाला देतेस?”

सहाव्या दिवशी आजीने जोड्या लावल्या. जोमाने धुरपदेला सांगितलं, की भावाच्या लग्नाचं सगळं सामान त्याच्या हातून बुडालं, आणि तेव्हापासून त्याने वल्हं उचललं नाही.

धुरपदा चटकन म्हणाली, “अरे दादा, चुकतो माणूस. म्हणून काय जन्मभर काठावर बसायचं?”

“आता हेच स्वतःला सांग,” मागून आजी म्हणाली.

धुरपदेने तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी हुंदका आला. बिचारी किती दिवस स्वतःशी वैऱ्यासारखी वागत होती! त्या दिवशी ती पोटभर रडली. आठव्या दिवशी कुठे ते वाक्य तिला पुरतं म्हणता आलं.

महिनाभराने अमावास्येचं उधाण आलं. घाईत तिने पाचर अर्धवट ठोकली होती. पाण्याच्या धक्क्याने ती निसटली आणि दार उघडलं. हो, चूक पुन्हा तिचीच होती. धुरपदेचा हात कपाळाकडे गेला. पण तिने एक श्वास घेतला, स्वतःशी म्हणाली, “चुकतो माणूस,” आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, “धावा रे! पाचर निसटली माझ्या हातून!”

जोमा धावला, अंगणातले बाकीचेही धावले. सगळ्यांनी पाठी लावून दार रेटलं आणि धुरपदेने पाचर ठोकली. दोन वाफे गेले, दहा वाचले.

चिखलाने माखलेल्या जोमाने विचारलं, “ताई, दोन वाफे गेले. रडू नाही आलं?”

“आलं ना,” डोळे पुसत धुरपदा म्हणाली. “पण आधी दार लावलं, मग रडले.”

त्यानंतर दार दुसऱ्या कुणाला देण्याची गोष्ट तिनेही काढली नाही आणि आजीनेही.

तात्पर्य : कपाळ बडवणाऱ्या हातांना चूक सावरता येत नाही, म्हणून दुसऱ्याला देतो तो धीर स्वतःलाही द्यावा.