सोपान आचाऱ्याची ऑइल पिणारी गाडी

एका डोंगराच्या उतारावर एक गाव होतं, आणि त्या गावात सोपान नावाचा एक आचारी होता. आसपासच्या दहा गावांतल्या लग्नांना त्याच्याच हातचं जेवण लागे. त्याचा नियम एकच. काही कमी पडता कामा नये. त्यामुळे त्याच्या रश्श्यावर बोटभर तवंग असे, आणि पाहुणे पंगतीतून उठताना एकमेकांचा हात धरून उठत.

सोपानला भांडी वाहायला गाडी हवी होती. त्याच गावात वत्सलाबाई राहायच्या. चाळीस वर्षं शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. आता संध्याकाळी घरीच मुलांना गणित शिकवायच्या. गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा त्यांनी आपली मोटार विकायला काढली. सोपान एकेकाळचा त्यांचाच चौथीतला विद्यार्थी. तोच ती घ्यायला आला. बाई म्हणाल्या, "गाडी जुनी आहे. मागची काच अर्धीच खाली होते. हॉर्न लहर लागली तर वाजतो. इंजिन मात्र उत्तम आहे." सोपानने गाडीला हार घातला, नारळ फोडला आणि मागच्या सीटवर पातेली रचली.

जुन्या गाडीचं ऑइल रोज बघावं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून तो रोज सकाळी दारातच बॉनेट उघडी. दारापुढचा रस्ता चांगला चढाचा. गाडीचं तोंड वर, बूड खाली. सोपान ऑइल मोजायची पट्टी ओढून काढी. ऑइल खालच्या खुणेलाही टेकलेलं नसे. मग तो वरच्या खुणेपर्यंत ऑइल ओती, आणि वर आणखी एक पळी, बरकत म्हणून.

दोन दिवसांनी बघावं तर ऑइल पुन्हा कमी! पुन्हा ओती. चार दिवसांनी पुन्हा कमी!

आणि मग गाडी धूर सोडायला लागली. निळा, दाट धूर. सकाळी गाडी सुरू झाली की शेजारच्या कोंबड्या दिसेनाशा होत आणि खोकत बाहेर येत. लोक विचारत, "सोपान, आज गाडीतच फोडणी घातलीस होय?"

त्याची बायको हिराबाई म्हणाली, "अहो, दुसरा डबा संपला. एवढं गोडंतेलसुद्धा लागत नाही आपल्या घराला."

सोपानला आधी चोराचा संशय आला. त्याने बॉनेट सुंभाने करकचून बांधलं. तरी ऑइल कमी. मग त्याची खात्री पटली. चोर बाहेरचा नाही, गाडीच पितेय.

तो स्टँडवरच्या गॅरेजात गेला. तिथल्या मिस्त्रीने बॉनेट उघडायचीही तसदी घेतली नाही. धूर बघितला आणि चुकचुकला. "पिस्टनच्या रिंगा गेल्यात, ऑइल वर येऊन जळतंय. इंजिन उतरवायला लागणार. कुणी मारली ही तुमच्या गळ्यात?"

हा शेवटचा प्रश्न सोपानच्या डोक्यात जाऊन बसला. गुरुवारी आठवडे बाजार होता. पंगतीत हाका मारून कमावलेला त्याचा आवाज. भाजीच्या रांगेत उभा राहून तो ओरडला, "वत्सलाबाईंनी फसवलं मला! इंजिन उत्तम म्हणाल्या आणि सडकी गाडी दिली! शाळेच्या बाई असून खोटं बोलल्या!"

बाजार गप्प झाला, आणि नंतर खूप बोलला. आठवड्याभरात गोष्ट गावभर झाली. बाईंच्या शिकवणीला अकरा मुलं येत होती. ती सात झाली, मग दोन. कुंभाराची रखमा आपल्या मुलीला घेऊन गेली ती दारातूनच. म्हणाली, "बाई, तुमच्याबद्दल आमच्या मनात काही नाही. पण लोक बोलतात." बाईंनी त्या मुलीची राहिलेली वही तेवढी तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी बाई काठी टेकत सोपानच्या दारी आल्या.

"गाडी परत घेते," त्या म्हणाल्या. "तुझे पैसे तुला मिळतील. पण आधी ती तालुक्याच्या जमीलाला दाखवू. ती म्हणाली इंजिन गेलंय, तर माझी चूक मी बाजारात येऊन सांगेन."

जमीला तालुक्याला वडिलांचं गॅरेज चालवायची. तिचा लौकिक असा, की ती आधी तपासायची आणि मग बोलायची. त्यामुळे तिच्याकडे गिऱ्हाइकं कमी यायची, पण आलेली परत जायची नाहीत.

सोपानने गाडी धुरासकट तिच्या अंगणात आणली आणि एका दमात सगळं सांगितलं. रिंगा गेल्यात, इंजिन उतरवायचंय, बाईंनी फसवलंय.

"दादा, एवढं सगळं तुम्हाला ठाऊक आहे तर माझ्याकडे कशाला आलात?" जमीला म्हणाली, आणि कामाला लागली.

तिने गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवला आणि चहा मागवला. चहा पिऊन पुठ्ठा काढला. एक थेंब नाही. "गळती नाही," ती म्हणाली. मग प्लग काढून एका मीटरने इंजिनचा दाब मोजला. चारही ठिकाणी भरपूर आणि सारखा. "रिंगा धडधाकट आहेत."

सोपान म्हणाला, "मग धूर कसला?"

जमीलाने सपाट फरशीवर उभ्या असलेल्या गाडीची पट्टी काढली, पुसली, परत घातली आणि वर काढली. ऑइल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर होतं.

"हे एवढं कुणी ओतलं?"

"मीच. कमी होत होतं ना!"

"तुम्ही मोजता कुठं?"

"घरी. दारात."

"दार कसं आहे? सपाट?"

बाईंनीच सांगितलं, "त्याच्या दारात चेंडू ठेवला तर नदीपर्यंत जातो."

जमीलाने गाडी अंगणाबाहेरच्या चढावर नेली, तोंड वर करून. थोडा वेळ थांबून पट्टी काढली. ऑइल मागे सरकल्यामुळे तेच ऑइल आता खालच्या खुणेजवळ दिसत होतं. मग ती एका रबरी नळीकडे बोट दाखवून म्हणाली, "इंजिनात ऑइल जास्त झालं की ते या नळीतून वर चढतं आणि पेट्रोलबरोबर जळतं. तोच हा निळा धूर. जादा होतं तेवढं जळायचं, आणि तुम्ही पुन्हा ओतायचात. दादा, गाडी ऑइल पीत नव्हती. तुम्ही पाजत होतात."

गाडी परत फरशीवर आणून तिने खालचा नट सैल केला. दीड लिटर ऑइल डब्यात पडलं. "आता पंधरा दिवस थेंबही घालायचा नाही. रोज देवळापुढच्या सपाट फरशीवर मोजायचं. मी चुकले असेन तर तेव्हा कळेल."

सोपानने घाम पुसला. बाई जरा लांब, बाकावर बसल्या होत्या. तो जमीलाच्या कानाशी झुकला. "ताई, एखादा लहानसा पार्ट खराब होता, असं सांगता येईल का? वायसर वगैरे?"

"सांगा की. पार्ट खराब होताच," जमीला म्हणाली. "पण तो गाडीत नव्हता."

ते पंधरा दिवस सोपानला फार जड गेले. पळी बघितली की हात शिवशिवत. हिराबाईने डबा धान्याच्या कोठीमागे लपवला. पण देवळापुढे पट्टीवरचं ऑइल जिथल्या तिथे होतं. धूर आधी पातळ झाला, मग थांबला. कोंबड्या अंगणात परत आल्या.

बाईंनी या दिवसांत एक शब्द विचारला नाही. सोपानला वाटलं, मिटलं सगळं. एका रात्री जेवताना तो हिराबाईला म्हणाला, "बाईंचं काही चुकलं नव्हतं म्हणा."

हिराबाई म्हणाली, "बाजारात बोललात ते गावाने ऐकलं. हे ताटावर बोललेलं फक्त मी ऐकलं. मी कधी म्हणत होते बाईंचं चुकलं?"

सोपानने ताट बाजूला सारलं. पंगतीत मीठ जास्त झालं तर तो ते हाताखालच्या मेहुण्यावर ढकलायचा. इथे मेहुणाही नव्हता.

पुढच्या गुरुवारी तो बाईंना हाताला धरून बाजारात घेऊन गेला. भाजीच्या रांगेत उभा राहिला आणि त्याच आवाजात ओरडला, "ऐका हो! गाडी चांगली आहे! बाई खरं बोलल्या होत्या! मी चढावर ऑइल मोजत होतो आणि गाडीला नाकातोंडात जाईस्तोवर पाजत होतो! खोटं मी बोललो!"

मग मिरचीवाला म्हणाला, "म्हणजे तो धूर तुझ्याच अकलेचा होय रे?" आणि अख्खा बाजार हसला. लसूण निवडणाऱ्या म्हाताऱ्या हसल्या, तराजू धरणारे हसले. सोपानचे कान कांद्यासारखे लाल झाले. पण तो पळाला नाही. हसणं संपेपर्यंत तिथेच उभा राहिला. मग वाकून बाईंच्या पाया पडला.

"ऊठ," बाई म्हणाल्या. "उत्तर उशिरा आलं, पण बरोबर आलं."

गर्दीतून रखमा पुढे आली. तिची मान खाली होती. "बाई, उद्यापासून पोरीला पाठवते."

"उद्या नको, आजच पाठव," बाई म्हणाल्या. "अपूर्णांक चालू होते. तीन आठवडे बुडालेत."

तात्पर्य: दुसऱ्याला खोटं ठरवण्याआधी आपण मोजतो ती जागा सपाट आहे का ते बघावं, आणि आरोप चारचौघांत केला असेल, तर चूकही चारचौघांतच कबूल करावी.