बिनधुराचं सरपण

"ऐका हो ऐका! आजपासून आंबोणी संस्थानात शेकायला कुणी लाकूड जाळायचं नाही हो! चुलीपुरत्या चार काटक्या सोडून रानातलं काही तोडायचं नाही हो! धुरानं राजांचे डोळे चुरचुरतात हो!"

ऐन पौषात ही दवंडी पिटली गेली आणि अख्ख्या गावाचे दात वाजू लागले. मानाजीराजांचा स्वभावच तसा! सकाळी सज्ज्यात उभे असताना गावातल्या शेकोट्यांचा धूर डोळ्यांत गेला, की काढला हुकूम! बरं, हुकूम सगळ्यांना सारखा म्हणून राजवाड्यातल्या शेगड्याही विझवल्या. आता राजे स्वतःच शालींवर शाली पांघरून सिंहासनावर कुडकुडत बसायचे. पण शब्द मागे घेतील तर ते मानाजीराजे कसले!

रानातलं वाळकं लाकूड आणायचं, फोडायचं आणि घरोघरी मोळ्या पोचवायच्या, हा बायजाचा धंदा. धंद्याचं एक वेळ राहू द्या. पण तिची लेक येसू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कालच बाळाची पाचवी पुजली, आणि बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी थंडगार! नातवाचे इवलेसे पाय हातात घेतले तर गारगोटीसारखे गार लागले. बायजाचा जीव तीळतीळ तुटला. पदर खोचून तिनं तडक दरबार गाठला.

"म्हाराज, घरात बाळंतीण हाय. शेगडीपुरतं लाकूड जाळू द्या जी."

"बंदी म्हणजे बंदी!" राजे शालीतून गुरगुरले. बाहेर दिसत होतं ते फक्त लालबुंद नाक. "तुम्हा लोकांना जाळण्यापलीकडे काही सुचतच नाही. आम्हाला असं सरपण आणून दे, ज्याला धूर नाही, राख नाही, ठिणगीसुद्धा नाही. पण ऊब अशी, की आम्ही या शाली फेकून दिल्या पाहिजेत! आणलंस तर रान खुलं. नाही आणलंस तर तुझी कुऱ्हाड जप्त!"

दरबार खो खो हसला. दिवाण रंगराव म्हणाले, "बायजे, कुऱ्हाड आत्ताच ठेवून जा. उद्याचा हेलपाटा वाचेल!"

"उद्या येतेच की दिवाणसाब," बायजा म्हणाली. "कुऱ्हाड संगंच आणते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बायजाची बैलगाडी राजवाड्याच्या चौकात आली. शाली सावरत राजे आणि मागोमाग दरबारी बाहेर आले. गाडीतून बाभळीचा एक ओंडका दाणकन खाली पडला. काळाकुट्ट, पिळवटलेला, अंगभर गाठीच गाठी!

"हे घ्या बिनधुराचं सरपण! फकस्त एवढंच, की ते फोडाया लागतं. हाय का कुणी ताकदीचा गडी?"

मिशीला पीळ देत दिवाण पुढे झाले. घाव घातला, तर कुऱ्हाड टणकन उडाली आणि दिवाण आपटले बुडावर! सेनापतींनी घाव घातला. त्यांची कुऱ्हाड रुतली ती निघेना.

"ऱ्हाऊ द्या म्हाराज," बायजानं कुऱ्हाड उपटून काढली. "नाजूक हातांचं काम न्हवं ते."

"नाजूक? आम्ही? सरका बाजूला!"

पहिल्याच घावाला शाल हातात अडकली. राजांनी ती भिरकावून दिली. थोड्या वेळानं दुसरी गेली.

"हां! त्याच खाचंत मारा जी!" बायजा ओरडू लागली. "आता फुटतोय बगा! निघाली, निघाली, एक ढलपी निघाली! दात कोराया झाली!"

दरबारी तोंडं फिरवून हसू लागले. राजे आणखी चिडले. उरलीसुरली शाल गेली, पगडी गेली, अंगरख्याचे बंद सुटले. मिशीवरून घाम ठिबकू लागला. शेवटी कुऱ्हाड टाकून राजे ओरडले, "अरे, वारा घाला कुणीतरी! पाणी आणा! उकडून जीव चाललाय!"

"म्हाराज," बायजानं हळूच विचारलं, "शाली कुठायत तुमच्या?"

राजांनी पाहिलं. चौकभर शाली पसरल्या होत्या!

"डोळ्यांत धूर गेला का जी? राख उडाली का?"

राजांना हसू आलं. पण हार मानतील तर शपथ! डोळे बारीक करून ते म्हणाले, "जिंकलीस बायजे! रान खुलं. हवं तेवढं लाकूड न्या आणि फोडा. पण जाळायचं मात्र नाही! गावानं असंच शेकायचं. तुझंच औषध, तुलाच!"

दरबारानं "वाहवा!" केली. बायजानं मात्र पुन्हा हात जोडले.

"जशी आज्ञा. मग एक बारकी कुऱ्हाड घडवून द्या जी."

"कुणाला?"

"माझ्या नातवाला! अजून मान धरत न्हाई, पर हुकूम म्हंजे हुकूम. ओंडका मी धरीन, कुऱ्हाड तुमी त्याच्या मुठीत द्या. आन् म्हाराज, तुमी जल्मला तवा कंची कुऱ्हाड वापरली? का आईसायबांच्या बाजेखाली शेगडी हुती?"

दरबारी चपापून राजांकडे पाहू लागले. मग राजांचं पोट हललं, खांदे हलले, आणि ते असे गडगडून हसले की सज्ज्यावरची कबुतरं उडाली!

"उठवा बंदी! धूर आलाच, तर आम्ही सज्ज्याचं दार लावून घेऊ! आणि बायजाच्या गाडीत वाळकं सरपण भरा, मावेल तेवढं. ही शाल आमच्याकडून तुझ्या नातवाला!"

गाडी भरली. राजे घाम पुसत ओंडक्याकडे पाहत होते. "पण खरं सांग बायजे, असला ओंडका तुम्ही फोडता तरी कसा?"

"आमी कशाला फोडतोय जी! त्यो तर आमच्या दारात बसाया ठिवलेला हाय!"

राजे पुन्हा पोट धरधरून हसले आणि ओंडका गाडीत चढवायला स्वतः हात लावला. त्या संध्याकाळी येसूच्या बाजेखाली निखारे फुलले, आणि राजांच्या शालीत गुंडाळलेलं पोर पाय पसरून गाढ झोपलं.