अहवालातल्या दोन ओळी

शेताखालून गेलेल्या गॅसच्या पाईपपाशी भडका उडाला आणि सखाहरीचा थोरला भाऊ महिपती जळून गेला. तेराव्यानंतर पाईपच्या तपासणीचे सरकारी साहेब आले. चावडीत बसून त्यांनी सखाहरीला ऐटीत अहवाल वाचून दाखवला, "पाईपला गळती नव्हती. मयताने शेतात बिडी पेटवली, चूक त्याचीच. हं, कर सही!"

सखाहरी ताडकन उठला. "साहेब, रानात बिडी पेटवली तर बिडीच जळते. गळती नव्हती, तर माझा दादा कशानं जळाला?"

साहेबांनी गळतीची ओळ खोडली.

"आता बिडीचीबी खोडा. खाली गॅस सुटलाय, हे दादाला कुणी सांगितलं होतं?"

साहेबांनी निमूटपणे तीही खोडली आणि तिथूनच पाईप उकरायचा हुकूम सोडला.