नदीने आणलेले कवच

सह्याद्री तरुण होता तेव्हाची गोष्ट. एका काळ्या कड्याने नदीवर चोरीचा आळ घेतला. "हवेतला कर्बवायू पिऊन पाऊस आंबट होतो, माझ्यातला चुना विरघळवतो आणि ही बया दोन्ही घेऊन पळते! यापुढे एक कणही देणार नाही!"

नदीला थांबायला वेळ नव्हता. खाली खाडीत एक इवलीशी शिंपली कवचावाचून उघडी पडली होती. खेकडा रोज येऊन तिला चिडवायचा, "काय गं, झालं का घर? असू दे. अंगाने जरा भर, मग खातो."

"मावशी, लवकर आण!" शिंपली रडायची. नदी चुना आणि कर्ब आणत राहिली, शिंपली त्याचे थर चढवत राहिली.

अखेर खेकड्याने नांगी मारली. कटकन आवाज झाला. तुटली ती नांगी! सगळी खाडी हसली.

वरून कडा गरजला, "पाहिलंत? माझाच चुना तो! मी दिला!"

"दादा, तू दिला नाहीस, मी आणला," नदी खळाळली. "हवेतला कर्बही त्या कवचातच बंद आहे. चोरीचा माल परत हवा असेल, तर ये खाली!"

तेव्हापासून कडा खाली येतोच आहे, कणाकणाने.