मास्तरांची जागा

"माझा दादा तुमच्या पुढे होता की मागे?"

मास्तरांनी काठी चिखलात रोवली.

जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर ओहोटीला समुद्र खूप लांब जातो. उघड्या पडलेल्या चिखलातून हे म्हातारे हिनरिक लोकांना समोरच्या बेटावर चालवत नेतात. तरुणपणी बोटीवर रत्नागिरीच्या खलाशांबरोबर अकरा वर्षं काढली, म्हणून मोडकी हिंदी बोलतात. माझा रोहिदासदादा तिथे शिकायला गेला आणि त्यांना मास्तर म्हणू लागला. फोनवर मला सांगायचा, "असा मास्तर तुला मिळाला असता, तर सातवीत शाळा सोडली नसतीस."

दीड महिन्यापूर्वी दादा त्याच चिखलात बुडाला. मास्तरांबरोबर अकरा जण गेले होते. दहा परत आले.

मी त्याचं सामान न्यायला आलो होतो.

"ती जागा दाखवा."

"आज नाही, छोटे. धुकं उतरतंय."

"समुद्र मला शिकवू नका. मी हर्णैचा आहे."

"तोही हर्णैचाच होता."

माझं डोकं फिरलं. बूट काढून फेकले आणि चालू लागलो. मागून काठीचा आवाज येत राहिला. पचक... पचक...

मी नजर समोर ठेवली. आमच्याकडे भरती समोरून येते. दिसली की मागे फिरायचं, एवढंच.

मग धुक्याने सगळं पुसून टाकलं. बेट गेलं. किनारा गेला.

समोर चिखल तसाच उघडा होता... आणि माझ्या टाचांना गार लागलं.

वळून पाहिलं. ज्या वाटेने आलो, तिथे पाणी वाहत होतं. आवाज न करता, मागून आलं होतं.

आईला आता मी एकटाच उरलो होतो.

"मास्तर!"

ते तिथेच होते. गुडघाभर पाण्यात.

"मास्तर, मेलो मी..."

"ओरडू नको. तळव्याला रेतीच्या वळ्या लागतात?"

"लागतात."

"आडव्या की उभ्या?"

पायांना असं कधी विचारलंच नव्हतं. "आडव्या."

"मग सरळ चल."

असं म्हणून ते वळसा घेऊन माझ्या पाठीमागे गेले.

"तुम्ही पुढे व्हा ना! मला काही दिसत नाही!"

काठी माझ्या डाव्या खांद्याला टेकली. मी डावीकडे वळलो. मग उजव्या. मग पुन्हा डाव्या. पाणी मांडीला लागलं, मग कमरेला. मी मोठ्याने रडत होतो.

"थांब... गवताचा वास येतो?"

"नाही."

"मला येतो. चल."

पायाला गवत लागलं, तसा मी पालथा पडलो. कितीतरी वेळ दात वाजत होते.

"वाट तुम्हाला ठाऊक," मी शेवटी म्हणालो. "मग मागे का राहिलात? मास्तरांनी पुढे चालायचं असतं."

ते काठीचा चिखल पुसत होते.

"तुझा दादा मागे होता."